रिकाम्या पुंगळ्या

वरणगावात मे महिन्यात रात्री अकरालाही
गच्चीची फरशी तळव्याला चावते,
म्हणून मी खाटेवर पाय वर घेऊन लढते.
फोनच्या पाठीला ओला रुमाल,
नाहीतर ऐन चकमकीत तो तापून झोपतो.

चौघांची आमची तुकडी.
मी, नाव घेतलंय 'तापीची मगर'.
यावलचा सायबू तडवी, केळीच्या गाडीवर क्लीनर,
खड्डा आला की त्याचा नेम आभाळात.
धडगावकडचा दिलवर पावरा,
त्याच्या पाड्यावर एका खडकावरच रेंज येते,
पाऊल वीतभर सरकलं की तो गेला.
आणि चौथा कुणीतरी, जो कधीच बोलत नाही,
त्याच्या माइकमधून फक्त कुकरच्या शिट्ट्या येतात.
तिसऱ्या शिट्टीला तो उठून जातो
आणि मरतो.

खेळ फुकट आहे.
फुकट म्हणजे करडा गणवेश, करडी टोपी, साधे बूट.
सोनेरी बंदूक, पाठीवर पंख, ह्याला पैसे पडतात.
समोरून झगमगत कुणी आलं की आम्हाला कळतं,
ह्याच्या वडिलांना पासवर्ड लपवता येत नाही.
आम्ही चौघे दिसायला एकच माणूस.
सायबू म्हणतो, बरंय ना,
मेलो तरी कोण मेलं ते कळणार नाही.

भाऊ, म्हणजे माझे वडील,
एकतीस वर्षं कारखान्यात काडतुसं तपासतात.
अंगठा आणि तर्जनीत धरून एक फिरकी,
मग ट्रेमध्ये. मग पुढचं.
तिथे हिशेब असतो. शंभर चाचणीला गेली
तर शंभर पुंगळ्या परत यायला हव्यात.
मी चौथीत होते तेव्हा एक कमी भरली.
भाऊ दुसऱ्या दिवशी उजाडताना आले,
कळण्याची भाकरी फडक्यात तशीच,
पँटच्या गुडघ्यांवर गवताचे हिरवे डाग.
कुणाच्या तरी बुटाच्या तळाशी रुतली होती ती.

काल ते माठातलं पाणी घ्यायला वर आले
आणि माझ्या मागेच उभे राहिले.
मी एका भिंतीवर तीस गोळ्या झाडत होते.
उगाच. भिंत आवडली नाही म्हणून.
"पुंगळ्या कुठी जातात वं?"
काय?
"उडताना दिसू राह्यल्या. पडताना नई दिसत."

मी नीट पाहिलं.
बाजूने पितळेचा एक ठिपका निघतो,
गुडघ्यापर्यंत येतो, आणि नसतो.
चार वर्षं खेळतेय.
जमीन कायम झाडल्यासारखी.

तेवढ्यात दिलवर अडकला.
त्याचा शिपाई एका गोदामाच्या भिंतीला नाक लावून
जागच्या जागी धावत राहिला.
निळी हद्द आवळत येत होती.
अशा वेळी सोडून पळायचं असतं, लहान पोरांनाही ठाऊक आहे.
सायबूने गाडी थांबवायला लावली असावी,
इंजिनाचा आवाज बंद झाला.
चौथ्याच्या घरात दुसरी शिट्टी. तो हलला नाही.
आम्ही तीन करडे एका करड्याभोवती
तीन दिशांना तोंडं करून बसलो,
आणि तिकडे सातपुड्यात एक मुलगा
अंधारात पायाने खडक चाचपत होता.

तिसरी शिट्टी.
चौथी.
त्याच्या घरी काहीतरी करपलं असणार.

मग निळं आमच्यावरून गेलं. एकोणिसावा नंबर.
भाऊ अजून तिथेच, तांब्या हातात.
"किती झाडल्या?"
मोजल्या नाहीत, मी म्हटलं.
ते काही बोलले नाहीत.
जिना उतरताना त्यांचा मोकळा हात दिसला,
अंगठा तर्जनीवर फिरत होता,
मधे काही नसताना.

दिलवर साडेबाराला आला, धापा टाकत.
"दुसरा खडक सापडला," म्हणाला. "चालू करा."